गप बसली की तुटणारी लाइन

इंदापूर
७ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप सर्जेरावतात्या यांस,
ऋषिराजचा साष्टांग नमस्कार.

शुक्रवारी, तीन तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ अंदाजे नाही. समोर भिंतीवर घड्याळ होतं आणि मी त्याच्याकडंच बघत होतो, कारण दुसरीकडं कुठं बघावं ते कळेना.

पण आधी कामाचं. तुम्हाला फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू जाईपर्यंत इथलं सगळं ऑफिस ऐकतं. म्हणून हे पत्र जीपवाल्या इमामभाईंकडं देतोय. ते रोज बारामतीला जातात, कन्हेरीला वाकडी वाट करून टाकतील.

मला साखर कारखान्यांच्या संघाच्या ऊस-नोंद केंद्रात चिकटून तीन आठवडे झाले. तुमच्या शब्दामुळंच घेतलं, नाहीतर दुसऱ्या वर्षात इंजिनिअरिंग सोडलेल्याला मेनफ्रेमजवळ कोण उभं करतं? (लोक म्हणतात काढलं. काढलं नाही, सोडलं. प्रयोगशाळेतल्या सरांशी वाद झाला, मी बाहेर पडलो, दार जरा जोरात लागलं आणि काच फुटली. एवढंच.)

तर संघानं मुंबईहून उतरवून आणलेली ती कपाटाएवढी दोन जुनी मशीनं. एक आमच्याकडं, एक बारामतीला. आमच्यात शेतकऱ्यांच्या लागणीच्या नोंदी, त्यांच्यात तोडणीचा क्रम. मधे लाइन. इकडची नोंद तिकडं गेली की तिकडून यादी येते, कुणाचा ऊस आधी तोडायचा. ती लाइन तीन तारखेपासून तुटतेय. दिवसातून चार वेळा, कधी पाच. पडद्यावर सगळं झकास दिसतं, आणि कळ दाबली की मशीन म्हशीसारखं बसून राहतं. मग बारामतीला फोन करून दोन्हीकडून लाइन नव्यानं जोडायची. पाव तास जातो. एक नोव्हेंबरला मोळी पडणार, म्हणजे गाळप सुरू. तोवर हे थांबलं नाही तर आमचे केंद्रप्रमुख राजवर्धन साहेब मला थांबवणार आहेत. तसं त्यांनी लेखी दिलंय.

आता अकरा दहाचं. बारामतीच्या मशीनवर एक ऑपरेटर आहे. नाव लिहीत नाही, 'बारामतीचं टोक' म्हणतो. तिचा फोन आला. म्हणाली, "तुमचं केंद्र किती जागं असतं हो! दर दहा-पंधरा मिनिटांनी तुमची हजेरी लागते. या बाजूला एकटीला बरं वाटतं." तात्या, कसली हजेरी ते मला माहीत नाही. मी म्हणालो, "कर्तव्यच आहे ते." तिचा आवाज कसा आहे म्हणून सांगू? नवीन माठातलं पाणी प्यालात का उन्हातून येऊन? तसा.

फोन ठेवला आणि त्याच उत्साहात मशीनखोलीला शिस्त लावली. आणि नेमकी दुपारी लाइन तुटली. उपाय कळवा.

आपला,
ऋषिराज


कन्हेरी
९ ऑक्टोबर

चि. ऋषिराज यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीस वर्षं मुंबईत विमा कंपनीच्या मशीनखोलीत काढली, तिथल्या एसीच्या घरघरीनं कान गेले, पण माठातल्या पाण्याचा आवाज ऐकणारा ऑपरेटर आजवर भेटला नव्हता.

तुझं आयुष्य अकरा दहाला बदललं आणि लाइन त्याच दुपारी तुटायला लागली. दोन्ही एकाच दिवशी. हा योगायोग मला आवडलेला नाही.

लाइन तुटल्याचं तुला कळतं ते केव्हा, आणि त्याआधी दोन्ही बाजूंनी शेवटची कळ कधी दाबली होती, ते वहीत लिही. आठ दिवस. तोवर कशालाही हात लावू नको आणि कुणावरही ओरडू नको.

आणि 'शिस्त लावली' म्हणजे नक्की काय केलंस?

तुझा,
तात्या


इंदापूर
१३ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप तात्या,

वही सोबत पाठवतोय. ओरडलो नाही. फक्त केबलवाल्याची कॉलर धरली, तीही सोडली. तो खांबावर चढलेला होता आणि नेमकी तेव्हाच लाइन गेली, मग कुणालाही वाटेल. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "सायेब, म्या तर टीव्हीची वायर जोडतुया, तुमची लाइन हितनं जातबी न्हाय." मग त्याला चहा पाजला.

शिस्त म्हणजे झाडलोट, फाइली नीट लावणं, कुलूपबिलूप. विशेष काही नाही. यंत्राला कुणी हातसुद्धा लावलेला नाही, उलट मी लावू देत नाही.

गंमत ऐका. मी स्वतः पडद्यासमोर बसून नोंदी भरत असलो की लाइन ठणठणीत. जेवून आलो की मेलेली. राजवर्धन साहेबांनी मीटिंगला बोलावलं, परत आलो, मेलेली. शनिवारी मी हट्टानं चार तास खुर्ची सोडली नाही. सारखं काहीतरी टाइप करत राहिलो. एकदाही तुटली नाही. तोंड धुवायला गेलो, परतताना साहेबांनी अडवलं, पाऊण तास गेला, आणि झालं! तात्या, या मशीनला माझी सवय लागलीय.

किंवा दुसरी शक्यता. रागावू नका. मला वाटतं बारामतीचं टोकच तार उपटतंय. मुद्दाम. लाइन तुटली की मला फोन करावा लागतो ना. मुलींना सरळ बोलता येत नाही, त्या असं काहीतरी करतात. फक्त एक कोडं आहे. पहिल्या दिवशी एवढं गोड बोलली, आता फोन उचलला की म्हणते, "पुन्हा?" परवा तर म्हणाली, "तुमचं लक्ष उडालंय हल्ली. पूर्वी तुम्ही असे नव्हता." पूर्वी म्हणजे कधी? मी तर तोच आहे!

जेवण जात नाही. काकीला सांगू नका.

ऋषिराज


कन्हेरी
१५ ऑक्टोबर

चि. ऋषिराज,

बारामतीचं टोक तार उपटत नाही. याची मला पक्की खात्री आहे. कशी, ते विचारू नको.

तुझी वही बघितली. अक्षर वाईट आहे, माहिती चांगली. लाइन तुटण्याआधी प्रत्येक वेळी अर्ध्या तासाहून जास्त शांतता आहे. एकदाही वीस मिनिटांच्या शांततेनंतर तुटलेली नाही. म्हणजे तुझ्या मशीनला तुझी सवय लागलेली नाही, पोरा. लाइन बोलत राहिली की जगते, गप बसली की मरते.

दोन मशीनांच्या मधे कुठंतरी फायरवॉलचा डबा असणार. तो राखणदार. बराच वेळ कुणी ये-जा केली नाही की तो दार लावून घेतो आणि दोघांनाही सांगत नाही. इकडचा समजतो तिकडचा आहे, तिकडचा समजतो इकडचा आहे. कुणीतरी बोलायला जातो तेव्हा कळतं, मधे भिंत झालीय.

खात्री करून घे. एकदा एकोणतीस मिनिटं हात बांधून बस, मग कळ दाब. पुन्हा जोडून एकतीस मिनिटं बस, मग दाब. बारामतीलाही सांग, तेवढा वेळ तिकडूनही काही जाऊ देऊ नका. आणि मशीनच्या सेटिंगमध्ये 'कीपअलाइव्ह' शोध. लाइन गप असताना मशीन आपण होऊन दुसऱ्या टोकाला 'आहेस का?' विचारतं, ते किती वेळानं विचारायचं याचा आकडा तिथं असतो.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. ही मशीनं चार वर्षं चालू आहेत. डबाही चार वर्षं असेल. तीन तारखेआधी लाइन कधी गप बसत नव्हती का? नव्हती, तर कुणामुळं?

'कुलूपबिलूप' यातलं बिलूप म्हणजे काय?

तात्या


इंदापूर
१८ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप तात्या,

तुम्ही देव आहात. एकोणतीसला जिवंत, एकतीसला मेली. तीनदा करून बघितलं. बारामतीचं टोक फोनवर मिनिटं मोजत होतं, "अठ्ठावीस... एकोणतीस..." मी आयुष्यात एवढा वेळ गप्प कधी बसलो नव्हतो.

डबा सापडला. बारामतीच्या ऑफिसात, चपलांच्या रॅकवर. तीस मिनिटांचा नियम आहे आणि तो बदलणार नाहीत, सुरक्षेचा आहे म्हणतात. मी फोनवर थोडा चढलो. थोडाच. आणि आमच्या मशीनच्या सेटिंगमध्ये 'आहेस का?' विचारायची वेळ किती लिहिलीय माहितीय? दोन तास! तीस मिनिटांत दार लागतं आणि हा गडी दोन तासांनी हाक मारतो. तो आकडा दहा मिनिटांवर आणायचा. त्याला दोन्हीकडच्या सह्या लागतात. आमच्या ऑफिसचा क्रम तुम्हाला ठाऊकच आहे: आधी अर्ज, मग कारण, मग 'हे आधी का होत नव्हतं' याचा लेखी खुलासा, मग सही.

तेवढंच अडलंय. आधी का होत नव्हतं. मी डोकं आपटून घेतलं. तीन तारखेआधी इथं सगळं असंच होतं. तीच खुर्ची, तेच जेवण, त्याच मीटिंगा. फरक एवढाच की

आत्ता झुंबरकाका चहा घेऊन आत आला. हा आमचा शिपाई, साठीला टेकलेला. साहेबांच्या केबिनला जायची वाट मशीनखोलीतूनच आहे, त्यामुळं चहा, पाणी, फाइल, सुपारी, काही ना काही घेऊन हा सारखा ये-जा करतो. जाताना कीबोर्डशी थबकला. मी लावलेल्या झाकणावर एक बोट नेलं, कुलूप बघितलं, बोट मागं घेतलं. मग मशीनच्या कपाटाकडं बघून नुसतीच मान हलवली आणि गेला.

चहा गार होतोय. पत्र संपवतो. दिवाळीच्या शुभेच्छा.

ऋषिराज


कन्हेरी
२७ ऑक्टोबर

चि. ऋषिराज,

नऊ दिवस झाले, 'फरक एवढाच की'च्या पुढचं पत्र नाही. इमामभाईंना विचारलं तर म्हणाले, "पोरगं जीप बघून आत पळतंय, तात्या." म्हणजे मेलेली लाइन नाही, नुसती गप बसलेली आहे. तर मीच कळ दाबतो.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. तू शिव्या देशील म्हणून पुढं ढकलत होतो.

मला ऐकू येत नाही, त्यामुळं मी काहीही वाचतो ते मोठ्यानं. किती मोठ्यानं, ते मला कळत नाही. तुझी काकी म्हणते, कालव्यापलीकडं जातं. आणि दर रविवारी सकाळी दहाला माझ्याकडं एक मुलगी मशीन शिकायला येते. हुशार आहे, वही स्वच्छ असते. शिकवायला खरी केस मिळावी म्हणून मी तुझी पत्रं तिला वाचून दाखवत होतो. पहिल्या पत्रात मोळीपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं 'अकरा दहाचं' आलं. मी तिथंच थांबायला हवं होतं, पण वाक्य अर्ध्यात सोडायची सवय नाही. माठापाशी तिनं वहीत लिहिणं थांबवलं.

तिचं नाव वृषाली. ती संघाच्या बारामती ऑफिसात आहे.

हो, तेरा तारखेचंही वाचलं. तार उपटण्याचं. त्यावर तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

तिनं तिच्या मशीनची नोंद काढून आणली होती. चार वर्षं, सुट्ट्या सोडून, ऑफिसच्या वेळात दर दहा-पंधरा मिनिटांनी इंदापूरहून एक कोरी कळ. मजकूर काही नाही, नुसती कळ. शेवटची तीन ऑक्टोबर, अकरा वाजून बावीस मिनिटं. त्यानंतर एकही नाही. तिला वाटत होतं ती तुझी. पण तू येऊन तर तीनच आठवडे झाले होते, हे तिनं स्वतःच काल मोजून काढलं. आता तिला एवढंच हवंय: ती कळ दाबणारा कोण, त्याचं नाव लेखी कळवावं.

मलाही हवंय. तू अकरा दहा ते अकरा बावीस काय केलंस?

तात्या


इंदापूर
२८ ऑक्टोबर

तात्या!

माठसुद्धा?

हे पत्र मनात वाचा. काकीला तोंडावर हात ठेवायला सांगा.

लाज वाटली म्हणून लिहिलं नव्हतं. आता ऐका. अकरा दहाला तिचा फोन ठेवला. मला वाटलं, केंद्र जागं ठेवणारा मी, आता आणखी जागं ठेवतो. खोलीत आलो तर झुंबरकाका एका हातात ट्रे घेऊन दुसऱ्या हातानं मोठी कळ दाबतोय, आणि तोच हात छातीला लावतोय. मी ओरडलो, "काका, खेळणं हाय का हे? कोट्यवधीचं मशीन हाय!"

तो म्हणाला, "म्या रामराम घालतुया, सायेब."

"मशीनला?"

"खंडेनवमीला पूजा व्हती न्हाय का हिची? झेंडू घालतो, नारळ फोडतो. मग वर्षभर हिच्याम्होरनं नुसतंच जायाचं? मारुतीम्होरनं जाताना हात लावतोच की आपन. पयल्या सायेबास्नी इचारलं व्हतं, ते म्हनले एवढी कळ दाबली तर कायबी बिघडत न्हाय."

"हे देऊळ न्हाय!" मी म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो. लोकांसमोर. अडाणी म्हणालो. मग अकरा बावीसला प्लास्टिकचं झाकण बसवून कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. ते बिलूप.

म्हणजे तात्या, चार वर्षं तुमच्या त्या राखणदाराला जागं ठेवणारा माणूस झुंबरकाका. मला मिळालेली शाबासकी त्याची. आणि शाबासकी मिळाल्यावर बारा मिनिटांत मी तीच बंद पाडली. मग महिनाभर सगळ्या तालुक्यावर संशय घेत फिरलो.

आता माझ्यापुढं दोन खुलासे लिहून तयार आहेत. एकात लिहिलंय: डब्याचा नियम तीस मिनिटांचा, मशीनचा दोन तासांचा, म्हणून लाइन तुटते. पूर्वी कामाचा ओघ जास्त होता. यातलं शेवटचं वाक्य सोडलं तर सगळं खरं, आणि साहेब डोळे मिटून सही करतील. दुसऱ्यात झुंबरकाकाचं नाव आहे, आणि माझं झाकण. हा दुसरा बारामतीला गेला की तिच्या लेखी मी कोण उरतो? हजेरी लावणारा मी नव्हेच. उरतो तो तार उपटण्याचं लिहिणारा. साहेब कदाचित घरीही पाठवतील.

नोकरीचं एक वेळ काही नाही. कॉलेज सोडलं तसं हेही सुटेल. पण त्या 'बरं वाटतं'वर मी महिना काढलाय, तात्या. पहिला पाठवू का?

ऋषिराज


कन्हेरी
२९ ऑक्टोबर

चि. ऋषिराज,

मनात वाचलं. ओठ हलले असतील, तेवढं चालवून घे.

पहिला खुलासा पाठवलास तर सही मिळेल आणि लाइनही चालेल. मशीनला कुणाचं नाव लागत नाही. नाव लागतं ते झुंबरला, आणि ज्या मुलीला चार वर्षं त्या कोऱ्या कळेनं सोबत केली, तिला.

पाठवायचा कुठला, ते तुझं तू बघ. तुझ्याऐवजी कळ मी दाबणार नाही.

तात्या


इंदापूर
२ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप तात्या,

हे पत्र इमामभाईंकडं देत नाही. मीच घेऊन येतोय. तोंडी सांगितलेलं तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून लेखी. पण कृपा करून हे मी समोर असताना मोठ्यानं वाचू नका. कारण खाली येईल.

दुसरा पाठवला. तीस तारखेला, झुंबरकाकाच्या नावासकट. पाठवण्याआधी झाकणाची किल्ली काकाच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, चुकलो." काका म्हणाला, "आसू द्या. कालेजातलं पोरगं, आंगात रग आसनारच." मी कॉलेज सोडलंय हे त्याला सांगायचं धाडस झालं नाही. कुलूप त्यानं काढून नेलं. घरी कोंबड्यांच्या खुराड्याला लागत होतं म्हणे.

साहेबांनी खुलासा दोनदा वाचला. म्हणाले, "म्हणजे आमचा शिपाई चार वर्षं लाइन चालवत होता आणि तू येऊन बंद पाडलीस?" मी म्हणालो, "होय साहेब." त्यांनी चष्मा पुसायला घेतला. मी मनात मिनिटं मोजत होतो. मग सही केली आणि म्हणाले, "असलं लिहून देणारा पहिलाच भेटलास. राहा."

एकतीसला दोन्हीकडचा आकडा दहा मिनिटांवर आणला. तिच्या बाजूचा तिनं, माझ्या बाजूचा मी.

त्याच दुपारी बारामतीहून फोन आला. मी झडप घातली. ती म्हणाली, "झुंबरकाका आहेत का?" तात्या, सात मिनिटं बोलली ती त्याच्याशी. काका नुसतं "व्हय माय, व्हय माय" करत होता आणि माझ्याकडं बघून हसत होता. संध्याकाळी इमामभाईंच्या जीपमधून फराळाचा डबा आला. वर चिठ्ठी: 'केंद्राची हजेरी लावणाऱ्यास.' काकानं मला एक चकली दिली. अर्धी मोडलेली.

काल मोळी पडली. सगळं केंद्र पूजेला गेलेलं, मशीनखोलीत मी एकटा. हात मांडीखाली घालून बसलो. तीस मिनिटं झाली. चाळीस. पन्नास. मग कळ दाबली, आणि तोडणीची यादी सरसर उतरली. पहिलंच नाव लासुर्णे गावच्या शेतकऱ्याचं. मी एकटाच ओरडलो.

यादीखाली एक ओळ आली. बारामतीहून, हातानं टाइप केलेली.

'कोण?'

मी लिहिलं, 'ऋषिराज. आज मीच.'

'खरंच?'

'झुंबरकाका नारळाचा प्रसाद आणायला गेलेत. विचारून बघा.'

मग आलं: 'रविवारी दहाला कन्हेरीला या. तात्यांचा पाठ आहे. विषय: तार कोण उपटतं.'

मी उत्तर लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी नुसती कोरी कळ दाबली. तिकडूनही एक कोरी कळ आली.

आता कळलं ना, समोर मोठ्यानं का वाचायचं नाही?

साडेआठ झालेत. हंगाम आहे म्हणून आज रविवार असूनही केंद्र उघडं आहे. झुंबरकाका माझ्या खुर्चीत बसलाय, बशीत चहा ओतून. आता मशीन आपलं आपण 'आहेस का?' विचारतं, तुम्ही दाबलं नाही तरी चालतं, हे त्याला मी तीनदा समजावलं. त्यानं ऐकून घेतलं, बशी खाली ठेवली, कळ दाबली आणि हात छातीला लावला. म्हणाला, "तिचं ती इचारंल. आपुन आपला घालावा." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "निघा आता, आन् दार आपटू नगा, गारवा जातुय."

तात्या, पेन ठेवतो. पत्राची घडी खिशात घालतो, बाहेर पडतो, आणि दार लावून घेतो. हळू.